कळविणे आणि विचारणे

आमच्या उमेदीच्या काळातील गोष्ट. एका गिरणीच्या फाटकावर सकाळी नोटीस लागली : अमुक तारखेपासून तिसरी पाळी बंद. आम्ही जाब विचारला तेव्हा साहेब म्हणाले, "तुम्हांला विश्वासात घेतलेच आहे, नोटीस लावली ना!" नोटीस इंग्रजीत होती. तेव्हापासून कोणी 'संमती' हा शब्द उच्चारला की आम्ही एकच चौकशी करतो : 'नाही' म्हणण्याची सोय होती काय?

ओडिशातील नियमगिरीची हकीकत या कसोटीवर पाहण्याजोगी आहे. रायगडा व कलाहंडी जिल्ह्यांच्या सीमेवरचा हा डोंगर. डोंगरिया कोंध आदिवासींचा देव नियमराजा तेथे नांदतो, वंशधारा नदीला पाणी देणारे झरे तेथेच फुटतात, आणि माथ्यावर आहे बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचा कच्चा माल. वेदान्त कंपनीने पायथ्याशी लांजीगडला कारखाना उभारला, तोही खाणीची अंतिम परवानगी हाती येण्याआधी. मुलीला विचारण्यापूर्वीच मांडव घातला! पुढची सारी धडपड मांडव फुकट जाऊ नये म्हणून.

पण २००६ च्या वनाधिकार कायद्याने ग्रामसभेच्या हाती काही सत्ता दिली होती. आपल्या गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला तो याच कायद्याने. त्याच्याच आधारे १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, खाणीमुळे देवधर्माच्या व सामूहिक हक्कांना बाध येतो काय, हे ग्रामसभांनी पाहावे. सभेवर न्यायाधीशाची देखरेख असावी. राज्य सरकारने शंभरावर वस्त्यांतून बाराच निवडल्या. ही निवड आम्हांला खटकते. तरीही जुलै-ऑगस्टमध्ये बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला. एका वाडीत तर एकच कुटुंब. सभा तिचीही भरली. जानेवारी २०१४ मध्ये केंद्र सरकारने परवानगी नाकारली.

येथे एक कबुली दिली पाहिजे. डिसेंबर २०१२ मध्ये बॉक्साइटअभावी तो कारखाना काही महिने बंद पडला, तेव्हा आमचे मन फाटकाबाहेरच्या कामगारांकडे ओढले. भाकरीच्या आड डोंगर येतो, असा हिशेब आम्हीही मांडला. तो चुकला. कारखाना पुढे बाहेरून आणलेल्या बॉक्साइटवर चालला, हे एक. दुसरे असे की, तो चालला नसता तरी कामगारांची रोजी टांगणीला लावली कोणी? न विचारता मांडव घालणारांनी. डोंगरावर नाचणी-कांगणी पिकविणाऱ्या बाईने नव्हे.

जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेलाही हे उशिराच उमगले. तिचा १९५७ चा १०७ क्रमांकाचा करार आदिवासींना हळूहळू इतर समाजात मिसळून टाकावे, अशा विचाराचा होता. आपण तो १९५८ साली मान्य केला. १९८९ च्या १६९ व्या कराराने ती दृष्टी टाकली आणि त्यांच्याशी विचारविनिमय करावा तो संमती मिळविण्याच्या हेतूने, असे म्हटले. त्यावर मात्र भारताची मान्यता अद्याप नाही.

हरलेला ठराव पुन्हा मतास टाकू पाहणारे आमच्या युनियनमध्येही आहेत, त्यामुळे पुढचे ऐकून आम्हांला नवल वाटले नाही. २०१६ साली ओडिशाच्या बाजूने ग्रामसभा पुन्हा भरविण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे गेली. न्यायालयाने ती फेटाळली, आणि बारा सभांचा ठराव होता तसाच राहिला.