एल्विसच्या वाढदिवसाचं सँडविच

दरवर्षी ८ जानेवारीला अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात, ग्रेसलँड या बंगल्याच्या हिरवळीवर, समारंभपूर्वक केक कापला जातो. ज्याच्यासाठी तो कापतात तो एल्विस प्रेस्ली १९७७ सालीच गेला. त्याच दिवशी अनेक चाहत्यांच्या घरी मात्र निराळाच पदार्थ होतो: पावाच्या दोन कापांमध्ये पीनट बटर आणि केळं, आणि ते सगळं लोण्यावर खरपूस परतलेलं. कुणी त्यात बेकनही घालतं, तर कुणी तीच चव केळ्याच्या केकवर पीनट बटरचा थर देऊन साधतं. लाडक्या गायकाच्या नावानं काहीतरी गोडधोड करायचं, हा वरवर पोरखेळ वाटतो. पण एल्विस कोण होता, हे हिरवळीवरच्या केकपेक्षा तव्यावरचं हे सँडविच जास्त प्रामाणिकपणे सांगतं, असं माझं मत आहे.

एल्विसचा जन्म १९३५ सालचा, मिसिसिपीतल्या टुपेलो गावातला, आणि तोही महामंदीच्या दिवसांतला. वडिलांनी १८० डॉलर उसने घेऊन बांधलेलं दोन खोल्यांचं लाकडी घर, एवढीच काय ती मालमत्ता. एका डुकराच्या विक्रीपोटी मिळालेल्या चेकवरची रक्कम खाडाखोड करून वाढवल्याबद्दल १९३८ साली वडिलांना तुरुंगवास झाला आणि ते घरही हातचं गेलं. आता सँडविचमधले जिन्नस पाहा. यंत्रानं कापलेला पाव अमेरिकेत १९२८ साली विक्रीला आला आणि बघता बघता सर्वसामान्यांचा झाला. केळी मध्य अमेरिकेतून बोटीनं न्यू ऑर्लिन्सच्या बंदरात उतरत. दक्षिणेतलं ते स्वस्त फळ होतं. भुईमूग तर तिथल्याच मातीतला. कापसानं निकस झालेल्या जमिनीत तो लावावा म्हणून जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी १९१६ साली शेंगदाण्याच्या १०५ पाककृतींची पुस्तिका काढली होती. पैसा आला, बंगला आला, दारात कॅडिलॅक गाड्या उभ्या राहिल्या, तरी एल्विसची आवड या जिन्नसांवरून हलली नाही. त्याच्या घरी वर्षानुवर्षं स्वयंपाक करणाऱ्या मेरी जेनकिन्स लँगस्टन यांनी पुढे या सँडविचची कृती सांगितली. पाव आधी भाजून घ्यायचा आणि मग भरपूर लोण्यात परतायचा, ही त्यातली खुबी.

शेंगदाण्याची कुळकथा आणखी मागे जाते. मूळचा तो दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीजांनी तो आफ्रिकेत नेला आणि तिथून गुलामांच्या जहाजांबरोबर तो उत्तर अमेरिकेच्या दक्षिण भागात पोचला. तिथल्या बोलीत शेंगदाण्याला ‘गूबर’ म्हणतात, तो शब्द मध्य आफ्रिकेतल्या भाषांमधल्या ‘न्गुबा’वरून आला. गुलामांचं आणि डुकरांचं खाणं म्हणून प्रतिष्ठित गोरे लोक बराच काळ त्याला नाकं मुरडत. एल्विसच्या गाण्याचा प्रवास याहून फार वेगळा नाही. जुलै १९५४ मध्ये त्यानं पहिल्या रेकॉर्डसाठी गायलेलं ‘दॅट्स ऑल राइट’ हे आर्थर क्रूडप या कृष्णवर्णीय गायकाचं. ‘हाउंड डॉग’ त्याच्याआधी बिग मामा थॉर्नटननं गायलेलं. क्रूडपला त्याच्या गाण्यांच्या मानधनाचा रास्त वाटा हयातभर मिळाला नाही. सँडविच खाल्ल्यानं ही बाकी फिटत नाही, हे उघड आहे. पण कृष्णवर्णीयांकडून आलेली वस्तू गरीब गोऱ्या घरात रुजते आणि तिथून जगभर जाते, ही एल्विसची सगळी गोष्ट त्या दोन कापांच्या मध्ये आहे.

अधिकृत स्मृतीला असला गुंता नको असतो. १९९२ साली अमेरिकेच्या टपाल खात्यानं एल्विसच्या तिकिटासाठी जनमत घेतलं. पर्याय दोन: पन्नाशीच्या दशकातला सडपातळ तरुण किंवा नंतरचा, चमकदार पोशाखातला प्रौढ गायक. तरुण मोठ्या फरकानं निवडून आला आणि ८ जानेवारी १९९३ ला, वाढदिवस साधून, त्याचं तिकीट निघालं. सँडविच मात्र दोघांचंही आहे.

यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप असा की ज्या खाण्यानं माणूस बेचाळिसाव्या वर्षी गेला तेच त्याच्या वाढदिवसाला करणं क्रूर आहे. पण एल्विसचा बळी सँडविचनं घेतला, हे अर्धसत्यही नव्हे. मृत्यू हृदयक्रिया बंद पडून झाल्याचं सांगितलं गेलं, आणि शरीरात अनेक औषधांचे अंश सापडले, त्यातली बरीचशी डॉक्टरांनीच लिहून दिलेली. सगळा दोष लोण्यावर ढकलला की हा भाग सोयीस्करपणे झाकला जातो. दुसरा आक्षेप थट्टेचा, आणि तो मला अर्धा मान्य आहे. केकवर साखरेचा केसांचा फुगा आणि जाडजूड पोट काढणाऱ्यांना वाढदिवस नव्हे, सोंग साजरं करायचं असतं. १९७६ साली खास विमानानं डेन्व्हरला जाऊन एल्विस आणि मंडळींनी खाल्लेलं ‘फूल्स गोल्ड लोफ’, म्हणजे अख्खा पाव पोखरून त्यात पीनट बटर, जेली आणि अर्धा किलोच्या आसपास बेकन, हेही घरी करून पाहणारे आहेत. त्यात उधळपट्टी दिसते, टुपेलो दिसत नाही. मूळ सँडविचची गोष्ट निराळी. ते खर्चिक नाही, त्याला ग्रेसलँडच्या दुकानातलं काही विकत आणावं लागत नाही, आणि आपल्याकडे पितरांच्या पानात त्यांच्या आवडीचा पदार्थ वाढतात त्यामागचा भाव कळणाऱ्याला ते विचित्रही वाटू नये.

शिकरण आणि दाण्याच्या कुटावर वाढलेल्या मराठी जिभेला ही चव फार परकी नाही. केळं सालीवर काळे ठिपके आलेलं घ्यावं आणि काट्यानं कुस्करावं. पीनट बटर बिनसाखरेचं असेल तर उत्तम. गोडवा केळ्याचाच पुरतो. पाव आधी कोरडा भाजावा, मग सारण भरून मंद आचेवर लोण्यात दोन्ही बाजूंनी तांबूस करावा. बेकन घालायचं की नाही, यावर चाहत्यांचं अजून एकमत नाही.