तळेगांवचें समर्थ विद्यालय आणि ग्रामीण शाळांचीं दप्तरें

ग्रामीण भागांतील माध्यमिक शाळांचा इतिहास लिहिण्याचें काम आपल्याकडे बहुधा त्या शाळांच्या महोत्सवांकडे सोंपविलेलें असतें. सुवर्णमहोत्सव आला म्हणजे स्मरणिका निघते. तींत संस्थापकांचें छायाचित्र, थोरामोठ्यांचे शुभसंदेश आणि इमारत-निधीचा हिशेब छापतात, आणि इतिहास लिहिला गेला असें मंडळी समजतात. पुणें जिल्ह्यांतील तळेगांव दाभाडे येथील समर्थ विद्यालयाची हकीकत घेऊन प्रस्तुत लेखांत असें दाखवावयाचें आहे कीं, खेड्यांतील शाळा कशी वाढली हें ठरविण्यास सनदा व महजर यांच्याइतक्याच कसोशीनें कागद तपासावे लागतात.

प्रथम पूर्वपीठिका. पुण्यास विश्रामबागवाड्यांत कंपनी सरकारनें संस्कृत पाठशाळा उघडली ती १८२१ सालीं. न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालें १ जानेवारी १८८० रोजीं. शहरांत अशी सोय वाढत असतां खेड्यांतला मुलगा गांवच्या मराठी शाळेंतील इयत्ता संपल्या कीं थांबे. पुढें शिकावयाचें तर त्यानें पुण्यास यावें, कोणाच्या तरी ओटीवर पथारी टाकावी, माधुकरी मागावी किंवा वार लावून जेवावें. ब्राह्मणाच्या मुलास निदान एवढा मार्ग तरी मोकळा होता. कुणब्याच्या अगर अस्पृश्याच्या मुलास माधुकरी कोण घालणार? म्हणून खेड्यांत माध्यमिक शाळा निघणें ही गोष्ट वरून दिसते त्यापेक्षां मोठी होती.

समर्थ विद्यालयाचे संस्थापक प्रो. विष्णु गोविंद विजापूरकर (१८६३–१९२६) हे कोल्हापुरास राजाराम कॉलेजांत संस्कृताचे अध्यापक होते. या त्रैमासिकाच्या वाचकांस त्यांची ओळख दुसऱ्या नात्यानें असेल. १८९४ सालीं त्यांनीं ‘ग्रंथमाला’ हें मासिक काढलें, आणि राजवाड्यांनीं मिळविलेल्या मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांपैकीं कांहीं भाग त्याच्या द्वारें छापला गेला. जुने कागद वांचले पाहिजेत आणि नवीन पिढी मराठींतून शिकली पाहिजे, या दोन्ही गोष्टी त्या गृहस्थास एकाच कामाच्या दोन बाजू वाटत असाव्यात असें माझें मत आहे.

१९०५ सालीं बंगालची फाळणी झाली. पुढच्या वर्षीं डिसेंबरांत कलकत्त्याच्या काँग्रेसनें दादाभाई नौरोजी यांच्या अध्यक्षतेखालीं स्वराज्य, स्वदेशी व बहिष्कार यांच्या जोडीनें राष्ट्रीय शिक्षणाचा ठराव केला. त्याच १९०६ सालीं विजापूरकरांनीं कोल्हापुरास समर्थ विद्यालय स्थापन केलें, आणि तें पुढें तळेगांवास आलें. पुण्यापासून सुमारें वीस मैलांवर, लोहमार्गावर, परंतु शहराच्या गजबजाटाबाहेर, अशी ही जागा निवासी शाळेस सोयीची होती. राष्ट्रीय शिक्षण म्हणजे काय हें टिळकांनीं १९०८ सालीं बार्शीच्या व्याख्यानांत सांगितलें आहे: धर्माचें शिक्षण, परकीय भाषेचा भार हलका करणें, उद्योगाचें शिक्षण आणि राजकारणाचें शिक्षण. समर्थ विद्यालय याच विचारसरणींतलें होतें.

येथें एक व्यावहारिक मुद्दा लक्षांत घ्यावा. सरकारमान्य हायस्कूलच्या वाढीचा दोर मुंबई विश्वविद्यालयाच्या मॅट्रिक परीक्षेशीं बांधलेला असे. परीक्षेस मुलें बसत म्हणून पालक फी देत आणि सरकार ग्रँट देई. पुढें सरकारी नोकरीची वाटही तीच होती. राष्ट्रीय शाळेस यांपैकीं कशाचाच आधार नव्हता. ती चाले वर्गणीवर व शिक्षकांच्या अल्प वेतनावर. तेव्हां अशा शाळेची वाढ पटावरील आंकड्यांवरून मोजणें हें मुळांतच चुकीचें माप होय. देणगीदारांच्या वहींत किती गांवांचीं नांवें आहेत हें पाहणें अधिक योग्य.

१९०८ सालीं संकट आलें. विजापूरकरांच्या ‘विश्ववृत्त’ मासिकांत श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचा ‘वैदिक प्रार्थनांची तेजस्विता’ हा लेख प्रसिद्ध झाला होता. त्याबद्दल राजद्रोहाचा खटला होऊन संपादक या नात्यानें विजापूरकरांस तीन वर्षांची शिक्षा झाली. वेदमंत्रांच्या अर्थावरून कारागृह पाहण्याचा प्रसंग संस्कृताच्या अध्यापकावर क्वचितच येत असेल! त्याच वर्षाच्या जुलैंत टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली. संस्थापक तुरुंगांत असतांही शाळा चालू राहिली, ती १९१० पर्यंत. त्या सालीं सरकारनें ती बंद पाडली.

त्याच तळेगांवांत १९०८ सालीं अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडांतून काचकारखाना निघाला होता. लोकांनीं पैसा-पैसा देऊन उभारलेल्या त्या कारखान्यास सरकारनें हात लावला नाहीं. काच चालली, शाळा चालली नाहीं. सरकारास धोका कोठें दिसत होता, हें यावरून कोणत्याही खलित्यापेक्षां स्पष्ट कळतें. आणखी एक योगायोग नोंदवून ठेवण्यासारखा आहे: ज्या १९१० सालीं हें विद्यालय मिटलें, त्याच सालीं ७ जुलै रोजीं पुण्यांत भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या सुमारास विजापूरकरांनीं शाळा पुनः उभी केली. ती ‘नवीन समर्थ विद्यालय’ या नांवानें पुढें चालली. ‘नवीन’ हें विशेषण कालभेद कबूल करतें आणि ‘समर्थ’ हें नांव परंपरा सांगतें. मग शाळेचें स्थापना-वर्ष कोणतें धरावें? १९०६ धरल्यास मधलीं बंदीचीं वर्षें झांकलीं जातात, पुनरुज्जीवनाचें साल धरल्यास पहिल्या विद्यार्थ्यांचा व शिक्षकांचा हक्क बुडतो. माझ्या मतें १९०६ हेंच मूळ मानावें, परंतु खंड पडला तो खंड म्हणूनच लिहावा. दत्तकाच्या वंशावळींत आपण औरस व दत्तक यांतील भेद नमूद करतों आणि तरीही घराणें एकच मानतों, तसेंच हें आहे.

ग्रामीण शिक्षणाचा दुसरा, आणि विस्तारानें फार मोठा, प्रवाह सातारा जिल्ह्यांत वाहिला. भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली, १९२४ सालीं ती साताऱ्यास आणली, आणि सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीस बसवून तीं स्वतःच्या श्रमावर शिकतील अशी व्यवस्था केली. १९४० सालीं तेथें सयाजीराव महाराजांच्या नांवानें निःशुल्क व निवासी हायस्कूल निघालें. वर विचारलेल्या माधुकरीच्या प्रश्नाचें उत्तर खरें तेथें मिळालें. तळेगांवच्या प्रयोगाची मर्यादा सांगतांना हें स्पष्टपणें म्हटलें पाहिजे.

आतां कागदांविषयीं. तळेगांवास आपले संग्राहक जातात ते सेनापति दाभाड्यांच्या कागदांच्या शोधांत. १७१७ सालीं खंडेराव दाभाड्यांस शाहू महाराजांनीं सेनापतिपद दिलें. १७३१ सालीं डभईच्या लढाईंत त्रिंबकराव पडले. उमाबाईंचा कारभार प्रसिद्धच आहे. तेव्हां हा शोध रास्त होय. परंतु ज्या माळ्यावर दाभाडेकालीन रुमाल सांपडतो त्याच माळ्यावर शाळेचा दाखला, वर्गणीची पावती, वसतिगृहांतून मुलानें बापास लिहिलेलें मोडी पत्र हींही असूं शकतात, आणि तीं रद्दींत जातात. बंद पडलेल्या शाळेचा दाखला कोणत्याच कचेरींत उपयोगी पडत नाहीं, म्हणून तो सर्वांत आधीं फाडला जातो.

शाळेंतलें दप्तर पाहतांना दाखल-खारीज रजिस्टर, हजेरीपट, तपासनिसांचें शेरेबुक, कीर्द-खतावणी व देणगीदारांची वही हीं प्रथम मागावीं. खारीज होण्याच्या कारणाचा रकाना विशेष पाहावा. प्लेग, दुष्काळ, लग्न, बापाचा मृत्यू यांच्या नोंदी त्यांत एका शब्दांत असतात. दुसरी बाजू सरकारी दप्तरांत आहे. मुंबई इलाख्याच्या पोलिसांचे गुप्त वृत्तसारांश व देशी वृत्तपत्रांवरील साप्ताहिक अहवाल यांत राष्ट्रीय शाळांवर नजर ठेवल्याचें दिसतें. मात्र त्यांतील मराठी नांवें इंग्रजी लिपींत उतरलेलीं असतात, आणि इंग्रजींत त व ट, द व ड यांचा भेद राहत नाहीं. केवळ त्यावरून माणूस ठरवूं नये. संहितेचे पाठ आपण जसे पोथीपोथीशीं ताडून पाहतों, तसें पोलिसांच्या यादींतील प्रत्येक नांव शाळेच्या रजिस्टराशीं ताडावें, आणि जेथें जुळत नसेल तेथें दोन्ही पाठ जसेच्या तसे छापावे.