जळलेले हस्तलिखित आणि रुपेरी पडदा

१९३० सालच्या मार्च महिन्यात मॉस्को शहरी एका लेखकाने आपल्या अपुऱ्या कादंबरीचे हस्तलिखित स्वतःच्या हाताने जाळून टाकले. मिखाईल बुल्गाकोव हे त्याचे नाव. शिक्षणाने तो डॉक्टर होता आणि पेशाने नाटककार. त्याची नाटके रंगभूमीवरून एकामागून एक उतरविण्यात आली होती आणि त्याचे लेखन छापावयास कोणी धजत नव्हते. तरीही त्याने तीच कादंबरी पुन्हा लिहावयास घेतली. अखेरच्या आजारात दृष्टी मंदावल्यावर तो पत्नी येलेना हिला दुरुस्त्या सांगत राहिला, आणि १९४० च्या मार्चमध्ये त्याचे निधन झाले. पुढे पंचवीसहून अधिक वर्षे त्या निष्ठावंत स्त्रीने ते कागद जपले. अखेर १९६६-६७ साली 'मॉस्क्वा' नावाच्या मासिकातून, बरीच काटछाट होऊन, 'मास्टर आणि मार्गारिता' ही कादंबरी वाचकांच्या हाती पडली. आज जगातील श्रेष्ठ उपरोधिक कादंबऱ्यांत तिची गणना होते.

अशा कृतीचा मोह चित्रपटकारांना न पडता तरच नवल. तिच्यात काय नाही? साक्षात सैतान वोलांड या नावाने, परदेशी प्राध्यापकाचा वेष घेऊन, मॉस्कोत अवतरतो. त्याच्या परिवारात बेहेमोथ नावाचे, दोन पायांवर चालणारे एक धिप्पाड काळे मांजर आहे. नाट्यगृहाच्या छतातून नोटांचा पाऊस पडतो. मार्गारिता अंगाला जादूचा लेप लावून केरसुणीवर बसून आकाशात उडते. वाचतानाच हे सारे डोळ्यांपुढे उभे राहते. यावरून कोणासही वाटावे की, ही कादंबरी म्हणजे आयती पटकथाच होय. प्रत्यक्षात मात्र तिने भल्याभल्या दिग्दर्शकांची परीक्षा पाहिली आहे. 'कम अँड सी'सारखा चित्रपट देणाऱ्या एलेम क्लिमोव यालाही तिच्यावर चित्रपट करावयाचा होता. तो मनोरथ मनातच राहिला.

याचे कारण कादंबरीच्या घडणीत आहे. तिच्यात दोन कथा आहेत. एक १९३० च्या सुमाराच्या मॉस्कोची. घराच्या खोल्यांसाठी धडपडणाऱ्या, वरिष्ठांना भिणाऱ्या माणसांची. दुसरी दोन सहस्र वर्षांपूर्वीच्या जेरुसलेमची; निरपराध येशुआला मृत्युदंड देणाऱ्या पिलात या रोमन अधिकाऱ्याची. ही दुसरी कथा म्हणजेच 'मास्टर' या पात्राने लिहिलेली आणि जाळलेली कादंबरी. समीक्षकांनी त्याला छळले, आणि तो मनोरुग्णालयात जाऊन पडला आहे. भित्रेपणा हा मोठा दोष होय, ही जाणीव दोन्ही कथांना जोडते. एक वगळली, तर दुसरीचा अर्थ निम्मा होतो.

पोलंडचा आंद्रे वायदा याने १९७२ साली पश्चिम जर्मनीच्या चित्रवाणीसाठी फक्त पिलातची कथा घेतली आणि ती आधुनिक जर्मनीत घडविली. एकेकाळी जेथे नाझींचे मेळावे भरत, ते न्यूरेंबर्गचे मैदानही त्यात दिसते. ही कल्पना धाडसी खरी. पण तिच्यात मॉस्कोचे हसू नाही. त्याच वर्षी युगोस्लाव्हियाचा अलेक्सांदर पेत्रोविच याने मास्टरला नाटककार केले आणि भर मॉस्कोवर दिला. तेथे पिलातची कथा मागे पडली.

याच्या उलट मार्ग रशियाच्या व्लादिमीर बोर्तको याचा. २००५ साली त्याने दहा भागांची मालिका केली आणि काहीही न गाळण्याचा प्रयत्न केला. संवाद बहुतांशी मूळचेच ठेवले. कोट्यवधी रशियनांनी ती आवडीने पाहिली. तरीही पुस्तकातले काहीतरी निसटले, अशी रुखरुख अनेक वाचकांना लागून राहिली. ते काय असावे?

एक लहानसा प्रसंग पाहिला म्हणजे याचा उलगडा होतो. बेहेमोथ ट्रामच्या पायरीवर चढतो आणि तिकिटासाठी दहा कोपेकचे नाणे पुढे करतो. वाहक स्त्री ओरडते की, मांजरांना मनाई आहे, खाली उतर! निवेदक गंभीर चेहऱ्याने नोंदवितो की, मांजर ट्राममध्ये चढले हे एक वेळ ठीक. पण ते पैसे देऊ करीत आहे, याचे ना वाहक स्त्रीला आश्चर्य वाटले, ना उतारूंना! नियमांच्या धाकाने माणसांची नवल वाटण्याची शक्तीच नाहीशी झाली आहे, हा यातील खरा उपरोध. हाच प्रसंग पडद्यावर आला की, प्रेक्षकांचे सारे लक्ष मांजराकडे जाते. आत माणूस दडला आहे की यंत्राची करामत आहे, याचाच विचार मनात येतो. उतारूंच्या निर्विकार चेहऱ्यांकडे पाहावयास सवड राहत नाही. कीर्तनात आख्यानातील पात्रे बोलतात, पण श्रोत्यांना हसू येते ते कीर्तनकाराच्या सुरामुळे. तो सूरच गळाला, तर संवाद शब्दशः राखूनही आख्यान रंगत नाही. कादंबरीच्या निवेदकाचेही असेच आहे.

२०२४ च्या जानेवारीत रशियात प्रदर्शित झालेल्या मिखाईल लोकशिन याच्या चित्रपटाने निराळा मार्ग धरला. त्यात मास्टर नाटककार आहे. पिलातवरील त्याचे नाटक बंद पाडले जाते, लेखकांच्या संघटनेतून त्याची हकालपट्टी होते, आणि या दुःखातून तो सैतानाच्या मॉस्कोभेटीची कादंबरी लिहू लागतो. म्हणजे जे अद्भुत दिसते, ते लेखकाच्या मनात आकार घेत असलेले दिसते. हरवलेल्या निवेदकाच्या जागी लिहिणारा माणूसच पडद्यावर आला. मूळ कथानक त्यामुळे पुष्कळ बदलले, आणि काही वाचकांना तो बदल रुचला नाही. परंतु बुल्गाकोवने ज्या वेदनेतून लिहिले, ती मात्र प्रेक्षकांपर्यंत पोहोचली.

पुढे जे घडले, ते कादंबरीतच शोभावे. चित्रीकरण १९२१ मध्ये नव्हे, तर शंभर वर्षांनंतर, २०२१ मध्ये झाले होते. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, आणि लोकशिनने त्या युद्धाचा उघड निषेध केला. चित्रपट प्रदर्शित होताच सरकारची बाजू घेणाऱ्या प्रचारकांनी त्याच्यावर आग पाखडली. चित्रपटावर बंदी घाला, दिग्दर्शकावर खटला भरा, अशी मागणी झाली. नाटक बंद पाडल्याची कथा सांगणारा चित्रपटच बंद पाडण्याची ही भाषा होती! चित्रपटगृहे मात्र भरत राहिली, आणि उत्पन्न दोन अब्ज रूबलांच्या पलीकडे गेले.

रूपांतर करणाऱ्याने मूळ ग्रंथाशी प्रामाणिक असावे, हे सर्वमान्य आहे. पण प्रामाणिकपणा म्हणजे प्रत्येक प्रसंगाची मोजदाद नव्हे. या कादंबरीत मास्टरने जाळलेले हस्तलिखित वोलांड त्याला जसेच्या तसे परत देतो. प्रत्यक्ष जीवनात बुल्गाकोवला असा वोलांड भेटला नाही. त्याला ते पुन्हा, पान पान, लिहावे लागले. ज्या दिग्दर्शकाला ही गोष्ट उमगते, त्याने एखादे मांजर गाळले तरी चालेल.