कार्यक्रम करा आणि वाटून टाका!
यूट्यूब, पॉडकास्ट यांतलं काहीच नव्हतं तेव्हा, 1996 साली, चळवळीतल्या रेडिओवाल्यांनी 'ए-इन्फोज रेडिओ प्रोजेक्ट' सुरू केला. स्वयंसेवक आपला कार्यक्रम त्याच्या संकेतस्थळावर चढवतो. सोबत लांबी, भाषा, विषय आणि वापराच्या अटी लिहितो. मग कुठलंही छोटं केंद्र तो फुकटात उतरवून प्रसारित करतं. युद्धविरोधी भाषणं, कामगारांचे संप, तुरुंगातलं वास्तव... मोठी केंद्रं ज्याला हात लावत नाहीत ते सगळं! दर्जा? काही अप्रतिम, काही अक्षरशः ऐकवत नाही. आपल्याकडे सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या द्यायचीही मुभा नाही, म्हणून मला याचं जास्तच अप्रूप. मंडळी, चांगल्या मुलाखती पडून असतील तर बोलणाऱ्याची परवानगी घेऊन चढवा. आणि लांबी मिनिट-सेकंदांसकट लिहा. केंद्रवाले आधी तीच बघतात.