जहाज की सुकाणू?

फुगा आकाशात चढवणं फ्रान्समध्ये १७८३ सालीच जमलं होतं. माँगोल्फिए बंधूंनी गरम हवेचा फुगा उडवला खरा. पण तो उतरणार कुठे, हे वारा ठरवी. २४ सप्टेंबर १८५२ रोजी आँरी जिफारने लांबट फुग्याखाली तीन अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन टांगलं आणि पॅरिसहून सुमारे २७ किलोमीटरवरच्या त्राप गावाजवळ तो जाऊन उतरला. नवलाई उडण्याची नव्हती, वळण्याची होती. म्हणून नाव पडलं ‘बालाँ दिरिजाब्ल’, म्हणजे हाकता येणारा फुगा. पुढे बोलण्यातून फुगा गळाला आणि नुसतं विशेषणच नाम होऊन बसलं.

स्पॅनिश, इटालियन, पोर्तुगीज भाषांतले शब्द याच कुळातले. रशियनने तर ‘दिरिझाब्ल’ फ्रेंचांकडून सरळ उचलला. पोलिशने मात्र शब्द सोडून अर्थ घेतला: ‘स्तेरोवाच’ म्हणजे सुकाणू धरणं, त्यावरून ‘स्तेरोव्येत्स’.

जर्मनांना सुकाणूऐवजी अख्खं जहाज दिसलं. लुफ्ट म्हणजे हवा, शिफ म्हणजे जहाज, झालं ‘लुफ्टशिफ’. डच आणि स्वीडिश या तर त्याच घरातल्या भाषा. पण ज्यांचं जर्मनशी रक्ताचं नातं नाही, त्या फिनिशमध्ये ‘इल्मालाइव्हा’ आणि हंगेरियनमध्ये ‘लेगहायो’, दोन्हींचा अर्थ तोच. पोलिशची सख्खी शेजारीण चेकसुद्धा ‘व्झ्दुखोलोद्य’ म्हणत या जहाजात चढली. आपल्या कानावरचा हिंदी ‘हवाई जहाज’ शब्दशः हेच सांगतो. फक्त तो पंखांच्या विमानाला चिकटला.

तिसरी वाट आडनावाची.

काउंट फर्डिनांड फॉन झेपेलिन यांचं पहिलं यान २ जुलै १९०० रोजी बोडेन सरोवरावर उडालं. त्याच्या कापडी अंगाखाली धातूचा सांगाडा होता. पुढे कोणत्याही वनस्पती तुपाला आपण ‘डालडा’ म्हणू लागलो, तसं कुठल्याही वायुजहाजाला लोक झेपेलिन म्हणू लागले. तुर्कीत तर ‘झेप्लिन’ हाच रोजचा शब्द आहे. सांगाडा नसलेल्या, निव्वळ आतल्या वायूच्या दाबावर फुगून राहणाऱ्या यानाला इंग्रजांनी पहिल्या महायुद्धात ‘ब्लिम्प’ हे नाव दिलं. त्याच्या व्युत्पत्तीच्या कहाण्या अनेक, पक्की एकही नाही.

बोडेन सरोवराकाठच्या फ्रीडरिक्सहाफेनमध्ये आजही ‘झेपेलिन एनटी’ नावाची यानं बांधली जातात. त्यांचा सांगाडा अर्धाच असतो, बाकीचा आकार आतल्या दाबाने टिकतो. म्हणजे जुन्या काटेकोर व्याख्येप्रमाणे आजचं झेपेलिन हे झेपेलिन नव्हेच.