युवक-न्याय, ऑस्ट्रेलियन आदिवासींचा

युवक-न्याय, ऑस्ट्रेलियन आदिवासींचा : कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या आदिवासी मुलामुलींना कोठडीपासून दूर ठेवण्यासाठी अथवा कोठडीतून सुटल्यावर त्यांना कुटुंबात व समाजात पुन्हा स्थिर करण्यासाठी ऑस्ट्रेलियातील आदिवासी समाजांनी स्वतःच्या नेतृत्वाखाली उभारलेले कार्यक्रम व त्यांना जोडून असलेल्या न्यायालयीन व्यवस्था. ऑस्ट्रेलियन आदिवासी व टॉरस सामुद्रधुनीतील बेटांचे मूळ रहिवासी मिळून २०२१ मध्ये देशाच्या लोकसंख्येच्या ३·८ टक्के होते. १० ते १७ या वयोगटात त्यांचे प्रमाण याहून थोडे अधिक असले, तरी ते दहा टक्क्यांच्या आतच आहे. मात्र या वयाच्या कोठडीतील मुलांमध्ये निम्म्याहून अधिक मुले आदिवासी असतात. ही विषमता हाच या विषयाचा गाभा होय.

ऑस्ट्रेलियात फौजदारी कायदा हा मुख्यतः घटक राज्यांचा विषय असल्याने प्रत्येक राज्याचा व प्रदेशाचा युवक-न्यायाचा कायदा आणि बालन्यायालय स्वतंत्र आहे. अपराध केलेल्या मुलावर समाजात राहू देऊन देखरेख ठेवणे किंवा त्याला बंदिस्त केंद्रात ठेवणे, असे दोन मार्ग सर्वत्र उपलब्ध असतात. बंदिस्त केंद्रांतील बहुसंख्य मुलांना शिक्षा झालेली नसते. ती खटल्याच्या निकालाची वाट पाहत असतात. राहण्यास सुरक्षित घर नसणे, रात्री ठराविक वेळेनंतर घराबाहेर न पडण्याची जामिनाची अट मोडणे, न्यायालयाच्या तारखेस हजर न राहणे, अशा कारणांनी मूळ अपराध किरकोळ असतानाही मूल कोठडीत जाते. त्यामुळे तारखेची आठवण करून देणारी, मुलाला गाडीतून न्यायालयात नेणारी व रात्रीपुरता आसरा देणारी विश्वासातील माणसे मुलाच्या जवळपास असणे, यावर बरेच काही अवलंबून असते. समाजाने चालविलेल्या कार्यक्रमांचे महत्त्व प्रथम येथे जाणवते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : १७८८ मध्ये ब्रिटिश वसाहतीस प्रारंभ झाल्यानंतर आदिवासींची जमीन गेली व एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून त्यांचे कौटुंबिक जीवनही शासनाच्या नियंत्रणाखाली आले. व्हिक्टोरियात १८६९ मध्ये, वेस्टर्न ऑस्ट्रेलियात १९०५ मध्ये व न्यू साउथ वेल्समध्ये १९०९ मध्ये ‘संरक्षणा’चे कायदे झाले. न्यू साउथ वेल्समधील १९१५ च्या दुरुस्तीने न्यायालयीन चौकशीवाचून मुले आईबापांपासून काढून नेण्याचा अधिकार तेथील मंडळास मिळाला. अशा मुलींसाठी कूटामंड्रा येथे व मुलांसाठी किंचेला येथे वसतिगृहे होती. सु. १९१० ते १९७० या काळात देशभरातील आदिवासी मुलांपैकी किमान दहांत एक व कमाल तीनांत एक मूल याप्रमाणे कुटुंबातून काढून नेले गेले असावे, असा अंदाज राष्ट्रीय चौकशीच्या १९९७ च्या अहवालात व्यक्त झाला. या मुलांना ‘हिरावलेल्या पिढ्या’ असे संबोधण्यात येते. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत त्यांची क्षमा मागितली.

मुले हिरावली जाणे व पुढे त्यांनी तुरुंगात जाणे यांतील दुवा कोठडीतील आदिवासींच्या मृत्यूंची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने स्पष्ट केला. १९८७ मध्ये नेमलेल्या या आयोगाने १९८० ते १९८९ या काळातील ९९ मृत्यूंची चौकशी केली. त्यांपैकी ४३ व्यक्ती बालपणीच कुटुंबापासून तोडल्या गेल्या होत्या. आयोगाच्या १९९१ च्या अहवालात ३३९ शिफारशी होत्या. कारावास हा अखेरचाच उपाय असावा व आदिवासी मुलांना कल्याणखाते आणि फौजदारी यंत्रणा यांच्यापासून दूर ठेवण्याच्या योजना शासनांनी आदिवासी संघटनांशी वाटाघाटी करून ठरवाव्यात, या त्यांतील प्रमुख होत. पालकांपासून काढून शासकीय देखभालीत ठेवलेली मुलेच पुढे युवक-न्याययंत्रणेत मोठ्या प्रमाणावर येतात, हे आजही आढळून येते. म्हणूनच मुलासंबंधीचा निर्णय कोणी घ्यावयाचा, हा प्रश्न आदिवासी समाज न्यायापुरता मर्यादित मानीत नाही.

समाजाधारित उपक्रम : आदिवासींच्या स्वतःच्या विधिसेवेचा प्रारंभ १९७० मध्ये सिडनीच्या रेडफर्न या उपनगरात झाला. पोलिसांकडून रस्त्यावर होणाऱ्या जाचाविरुद्ध तरुणांना विनामूल्य वकील मिळवून देणे, हा तिचा मूळ उद्देश होता. पुढे अशा सेवा अन्य राज्यांतही निघाल्या. १९८०–९० या दशकात नॉर्दर्न टेरिटरीतील टेनंट क्रीक येथे जुलालिकारी परिषदेने रात्रगस्त सुरू केली. गस्त घालणाऱ्या आदिवासी स्त्रीपुरुषांना पोलिसांचे अधिकार नसतात. नशेत असलेल्यांना सुरक्षित ठिकाणी पोहोचविणे, भांडण वाढण्यापूर्वी मिटविणे व रस्त्यावर भटकणाऱ्या मुलांना घरी नेणे, हे त्यांचे काम असते. नात्यागोत्याच्या ओळखीमुळे मिळणारा मान हेच त्यांचे बळ असते.

ॲलिस स्प्रिंग्सच्या वायव्येस सु. ३०० किमी. वर असलेल्या युएंडुमू या वार्लपिरी लोकांच्या वस्तीत १९९० नंतरच्या काळात पेट्रोल हुंगण्याचे व्यसन तरुणांमध्ये फैलावले होते. वस्तीतील ज्येष्ठांनी १९९३ च्या सुमारास या मुलांना शंभराहून अधिक किमी. दूर असलेल्या मौंट थिओ येथील ठाण्यावर नेऊन ठेवण्यास प्रारंभ केला. तेथे पेट्रोल मिळत नसे. वडीलधारी मंडळी मुलांची देखभाल करीत, त्यांना शिकारीस नेत व पूर्वजांच्या कथा सांगत. त्याच वेळी वस्तीत खेळ व करमणुकीचे कार्यक्रम चालू ठेवले गेले, म्हणजे परतणाऱ्या मुलास रिकामपण जाणवू नये. सु. दहा वर्षांत तेथील हे व्यसन जवळजवळ नाहीसे झाले. ‘वार्लपिरी युवक विकास’ निगम ही आदिवासी संस्था या कार्यातूनच वाढली.

वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागातील यिरिमन प्रकल्प २००० च्या सुमारास न्यिकिना, मंगला, काराजारी व वाल्माजारी या चार भाषासमूहांच्या ज्येष्ठांनी आरंभिला. व्यसन व आत्मघात यांच्या छायेतील तरुणांना घेऊन ही मंडळी कित्येक दिवस वाळवंटातून पायी प्रवास करतात. पाणवठे ओळखणे, माग काढणे, हत्यारे बनविणे, भाषा व गीते शिकणे यांतून तरुणास आपण कोणाचे व कोठले, याचे भान येते. आदिवासी कल्पनेनुसार भूमी ही केवळ राहण्याची जागा नव्हे. नाती, कर्तव्ये व निर्बंध तिच्याशी बांधलेले असतात. तिच्यापासून तुटलेल्या मुलास शिस्त कशासाठी पाळावयाची हेच उमगत नाही, असे ज्येष्ठ मानतात. २०१२ मध्ये या प्रकल्पास आदिवासी संस्थांच्या सुशासनासाठी दिला जाणारा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

ज्येष्ठांच्या सहभागाची न्यायालये : १९९९ मध्ये साउथ ऑस्ट्रेलियातील पोर्ट ॲडलेड येथे ‘नुंगा न्यायालय’ सुरू झाले. २००२ मध्ये न्यू साउथ वेल्समधील नाउरा येथे ‘वर्तुळ-न्याय’, क्वीन्सलंडमध्ये ‘मरी न्यायालय’ व व्हिक्टोरियात ‘कूरी न्यायालय’ यांचा आरंभ झाला. नुंगा, मरी व कूरी ही त्या त्या भागातील आदिवासींनी स्वतःसाठी वापरलेली नावे होत. मुलांसाठीचे कूरी न्यायालय मेलबर्न येथे २००५ मध्ये व न्यू साउथ वेल्समधील युवक कूरी न्यायालय पॅरामाटा येथे २०१५ मध्ये स्थापन झाले.

या न्यायालयांत दंडाधिकारी उच्चासनावर न बसता मुलगा, त्याचे आप्त, वकील, पोलीस व ज्येष्ठ यांच्यासमवेत एकाच मेजाभोवती बसतो. मुलाने अपराध कबूल केलेला असावा किंवा तो सिद्ध झालेला असावा, ही पूर्वअट असते. ज्येष्ठ शिक्षा ठोठावीत नाहीत; तो अधिकार दंडाधिकाऱ्याचाच राहतो. परंतु मुलाशी प्रथम बोलतात ते ज्येष्ठच. मुलाच्या आजीला ओळखणाऱ्या वृद्धेने त्याला सर्वांसमक्ष जाब विचारणे, हे वकिलाआड मूक उभे राहण्याहून मुलास अधिक अवघड वाटते. त्यामुळे ही सौम्य वागणूक होय, हा आक्षेप पुरता खरा नाही. युवक कूरी न्यायालयात शिक्षेचा निर्णय बारा महिन्यांपर्यंत लांबणीवर टाकून तेवढ्या काळात निवास, शिक्षण, आरोग्य व संस्कृती यांविषयीची योजना मुलाने पार पाडावयाची असते. राज्याच्या गुन्हेसांख्यिकी कार्यालयाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा मुलांना कोठडीची शिक्षा होण्याचे प्रमाण लक्षणीय कमी आढळले. पुन्हा अपराध करण्याच्या प्रमाणात मात्र उल्लेखनीय फरक दिसला नाही. तथापि कोठडी कमी केल्याने अपराध वाढले नाहीत, हा निष्कर्षही त्यातूनच निघतो.

न्याय-पुनर्गुंतवणूक : तुरुंगांवर होणारा खर्च अपराधाची कारणे दूर करण्याकडे वळवावा, ही कल्पना मूळची अमेरिकेतील. तिचा ऑस्ट्रेलियातील सर्वांत परिचित प्रयोग सिडनीच्या वायव्येस सु. ८०० किमी. वर डार्लिंग नदीकाठी वसलेल्या बर्क या गावी झाला. तेथील ‘मारांगुका’ उपक्रमाचे नाव न्गेंबा भाषेतील असून त्याचा अर्थ ‘इतरांची काळजी घेणे’ असा होतो. वीसहून अधिक भाषासमूहांचे लोक राहत असलेल्या या गावात निर्णयाचा अधिकार बर्क जमाती परिषदेकडे आहे. पोलिसांकडील व अन्य खात्यांकडील आकडेवारी परिषदेपुढे ठेवून तिच्या आधारे उपाय ठरविले गेले.

या पद्धतीचे स्वरूप वाहन-परवान्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. परवान्याविना वाहन चालविणे हे तरुणांवरील आरोपांचे एक नित्याचे कारण होते. पंचविशीच्या आतील शिकाऊ चालकास न्यू साउथ वेल्समध्ये परवानाधारकाच्या देखरेखीखाली १२० तास वाहन चालविल्याची नोंद दाखवावी लागते. ज्या घरात मोटार नाही, परवानाधारक प्रौढ नाही व मुलाचा जन्मदाखलाही हाताशी नाही, तेथे ही अट पुरी होणे दुष्कर असते. शिक्षा वाढविण्याऐवजी गावाने वाहन व शिक्षक उपलब्ध करून दिले. त्याचबरोबर जामिनाच्या अटी व्यवहार्य करण्याविषयी पोलिसांशी बोलणी झाली. २०१८ च्या स्वतंत्र मूल्यमापनानुसार घरगुती हिंसाचाराच्या पोलिसांकडील नोंदी २३ टक्क्यांनी व अल्पवयीनांच्या पाच प्रमुख अपराधप्रकारांतील आरोप ३८ टक्क्यांनी घटले. बारावीपर्यंत शाळेत टिकणाऱ्यांचे प्रमाण ३१ टक्क्यांनी वाढले. २०१७ या एका वर्षातील लाभ सु. ३१ लाख डॉलर ठरविण्यात आला. हे आकडे एका लहान गावाचे व अल्पकाळाचे असल्याने त्यांवरून सर्वसामान्य नियम काढता येत नाही. तथापि संघराज्य शासनाने २०२२ मध्ये देशभर तीसपर्यंत अशा प्रकल्पांसाठी तरतूद केली, तिच्यामागे बर्कचा अनुभव होता.

अडचणी व सद्यःस्थिती : समाजाने चालविलेला कार्यक्रम व समाजाचा केवळ सल्ला घेऊन शासनाने चालविलेला कार्यक्रम यांतील भेद व्यवहारात अनेकदा पुसला जातो. अनुदान एकदोन वर्षांचे असते, त्यामुळे मुलाचा विश्वास मिळविलेला कार्यकर्ता निधी संपताच निघून जातो. लहान संस्थांची शक्ती अहवाल लिहिण्यात खर्ची पडते. ज्येष्ठांची संख्या थोडी व त्यांच्यावरील भार मोठा असतो. क्वीन्सलंडमधील मरी न्यायालये २०१२ मध्ये शासन बदलताच बंद झाली व २०१६ मध्ये पुन्हा सुरू झाली. यावरून अशा व्यवस्था किती परावलंबी असतात, हे दिसून येते.

कायद्याची दिशाही स्थिर राहिलेली नाही. डार्विनजवळील डॉन डेल केंद्रात मुलांना दिलेल्या वागणुकीची दृश्ये जुलै २०१६ मध्ये दूरचित्रवाणीवर दाखविली गेल्यानंतर नेमलेल्या शाही आयोगाने २०१७ मध्ये ते केंद्र बंद करण्याची व फौजदारी दायित्वाचे किमान वय दहावरून बारा करण्याची शिफारस केली. नॉर्दर्न टेरिटरीने २०२३ मध्ये ते वय बारा केले, परंतु २०२४ मध्ये शासन बदलल्यावर पुन्हा दहावर आणले. क्वीन्सलंडने डिसेंबर २०२४ मध्ये काही गंभीर अपराधांसाठी मुलांना प्रौढांइतकी शिक्षा देण्याची तरतूद केली. याउलट राजधानी प्रदेशाने २०२५ मध्ये, काही गंभीर अपराधांचा अपवाद ठेवून, किमान वय चौदा केले. व्हिक्टोरियाने २०२४ च्या कायद्याने ते बारा ठरविले. व्हिक्टोरियात ‘विर्कारा कुल्पा’ ही आदिवासी युवक-न्यायाची दहा वर्षांची योजनाही २०२२ पासून अंमलात आहे.

अपराधांची झळ लागणाऱ्यांत आदिवासी कुटुंबेही मोठ्या संख्येने असतात. त्यामुळे सुरक्षिततेचा आग्रह हा त्यांचाही आहे. मतभेद आहे तो साधनांविषयी. बंदिस्त केंद्रात एका मुलावर दररोज दोन हजार डॉलरांहून अधिक खर्च होतो. तेथून सुटलेली बरीच मुले अल्पकाळातच परत येतात. जुलै २०२० मध्ये शासने व आदिवासी संघटनांचा महासंघ यांच्यात झालेल्या राष्ट्रीय करारानुसार कोठडीतील आदिवासी मुलांचे प्रमाण २०३१ पर्यंत किमान ३० टक्क्यांनी कमी करावयाचे आहे. निर्णयात आदिवासींचा समान वाटा व त्यांच्या संस्थांचे बळकटीकरण ही याच कराराची मूलतत्त्वे होत. उपर्युक्त उपक्रमांचा अनुभव पाहता ही तत्त्वे प्रत्यक्षात किती उतरतात, यावरच ते उद्दिष्ट साध्य होणे अवलंबून राहील.