७८०५ तापतो कशाने?

गणपती जवळ आले की काळाचौकीच्या चाळींत, अभ्युदय नगरच्या इमारतींत घरच्या मखराची तयारी सुरू होते. १२ व्होल्टची एलईडी पट्टी आणि तिची उघडझाप सांभाळणारा ५ व्होल्टचा छोटा बोर्ड, ही आता नेहमीची जोडी. १२ व्होल्टवरून बोर्डाला ५ व्होल्ट मिळावेत म्हणून मुलं लॅमिंग्टन रोडवरून ७८०५ रेग्युलेटर आणतात.

‘हा १ अँपिअरचा आहे, म्हणजे तेवढा मिळणारच’ हा सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज. ७८०५ लिनियर आहे. १२ पैकी ५ व्होल्ट तो बोर्डाला देतो, उरलेल्या ७ व्होल्टची उष्णता करतो. बोर्ड अर्धा अँपिअर घेत असेल तर साडेतीन वॅट नुसती उष्णता. हीटसिंक नसेल तर दर वॅटमागे चिप साधारण ५० ते ६५ अंशांनी तापते आणि तिची मर्यादा आहे १२५ अंश. त्याच्या बरीच पुढे गेली की ती स्वतःच बंद पडते, निवली की पुन्हा चालू होते. आणि पोरं बिचारी रात्रभर प्रोग्राममधली चूक शोधत बसतात. आपल्याकडच्या उकाड्यात, १२ व्होल्टवर, हीटसिंकशिवाय २०० मिलिअँपिअरच्या पुढे जाऊच नये.

इथे एलएम२५९६ चा बक कन्व्हर्टर, म्हणजे भराभर चालू-बंद होऊन व्होल्टेज उतरवणारा, घ्यावा. तेवढ्याच कामात तो जेमतेम पाऊण वॅट तापतो. मात्र बोर्ड जोडण्याआधी मल्टिमीटर लावून, त्याचा स्क्रू फिरवून आउटपुट ५ व्होल्टवर आणा. हे विसरलात तर बोर्ड गेलाच म्हणून समजा.

म्हणून लिनियर टाकाऊ ठरत नाही. बक कन्व्हर्टर सेकंदाला दीड लाख वेळा चालू-बंद होतो, त्याची खरखर माइक किंवा अँप्लिफायरमध्ये उतरू शकते. तिथे ७८०५ च बरा.

‘जास्त अँपिअरचा अडॅप्टर बोर्ड जाळतो’ हेही खरं नाही. बोर्ड लागेल तेवढाच करंट ओढतो. जाळतो तो चुकीचा व्होल्टेज.

बॅटरीवर मात्र ७८०५ नको. काहीही न जोडता तो स्वतःच सुमारे ५ मिलिअँपिअर खातो. ५०० मिलिअँपिअर-तासांची ९ व्होल्टची बॅटरी चार दिवसांत संपते. ३.७ व्होल्टच्या लिथियम सेलवर तर त्याचा उपयोगच नाही, कारण तो व्होल्टेज वाढवू शकत नाही. तिथे बूस्ट कन्व्हर्टरच लागतो.

रेग्युलेटर कोणताही असो, मखराच्या कापडाला, पुठ्ठ्याला तो टेकू देऊ नका आणि रात्री झोपताना आठवणीने स्विच बंद करा.